नोरीनचा शनिवार

नोरीन माझ्याशी बोलायची तेव्हा माझ्याकडे कधी बघायचीच नाही. माझ्या कानामागे, खांद्यावरून, कुंपणावरच्या मांजराकडे नाहीतर पलीकडच्या गाडीकडे बघत बोलायची. पहिले आठ-पंधरा दिवस मला वाटलं, बाई शिष्ट दिसते. मी मुलाला म्हटलंसुद्धा, "मंदार, तुझी ती समोरची म्हातारी बोलते गोड, पण नजर देत नाही रे." मग त्यानेच सांगितलं की तिच्या दोन्ही डोळ्यांना मधोमध डाग पडलेत. समोरचं पुसून जातं, कडेचं तेवढं दिसतं. म्हणजे माझं तोंड बघायचं तर तिला आपलं तोंड फिरवावं लागायचं. ओळख वाढल्यावर ती स्वतःच हसून म्हणायची, "तुझ्याकडे बघितलं की तू नाहीशी होतेस, मिसेस. म्हणून मी मांजराकडे बघते."

मला ती शेवटपर्यंत 'मिसेस'च म्हणाली. शालन हे नाव जमत नव्हतं असं नाही, पण तिच्या पिढीत शेजारणीला अशी हाक मारायची पद्धत. मी तिला नोरीनबाई म्हणायची. 'बाई' म्हणजे काय ते मी सांगितल्यावर तिला फारच आवडलं. पोस्टातल्या माणसाला तिने फोनवर एकदा आपलं नाव नोरीनबाई असंच सांगितलं. वयाने माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. पण इंग्रजीत अहो-जाहोची सोय नाही, त्यामुळे माझ्या मनात ती पहिल्यापासून 'ती'च राहिली.

माझं इंग्रजी म्हणजे काय तेही सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल इचलकरंजीची ही बाई आयर्लंडमधल्या ॲथलोनला जाऊन फाडफाड बोलायला लागली. शाळा दहावीपर्यंत. पुढचं सगळं टीव्ही आणि सुनेकडून उचललेलं. नोरीन अर्धे शब्द गिळायची, मी अर्धे हाताने बोलायची, आणि दोघी मिळून एक वाक्य पुरं व्हायचं. तेव्हा तिच्या तोंडी इथे जे मराठी घातलंय ते माझं, मतलब तिचा.

आमचे मालक वारल्यावर मी घराला कुलूप लावून मंदारकडे आले. तो इथल्या टेलिफोनच्या कंपनीत. सून स्नेहल पण नोकरीला. दिवसभर घरात मी आणि हीटर. गावात जन्म गेला तो मागाच्या खडखडाटात. आमच्या सासऱ्यांची पंधरा मागांची शेड घराला चिकटून होती, आणि मी लग्न होऊन आले त्या आठवड्यापासून सुताच्या कांड्या भरायला बसले. इथली शांतता मला कानात बोळे घातल्यासारखी वाटायची. म्हणून मी पुढच्या अंगणात खुर्ची टाकून बसायची, निदान गाड्या तरी ऐकू येतात.

एकदा नोरीन समोरून आली ती कोपराला कार्डिगन उसवलेली. माझ्याने बघवेना. म्हटलं, द्या इकडे. लोकरीची दोन टोकं घेऊन आमच्याकडे मागावर तुटलेली सुताची तार जोडतात तशी गाठ मारली, ओढली, आत सारली. अर्ध्या मिनिटाचं काम. तिने कार्डिगन हातात घेतली आणि अंगठा फिरवायला लागली. एकदा, दोनदा, तीनदा. तिला गाठ सापडेना. मग मांजराकडे बघत विचारलं, "जोड कुठे आहे?"

"आहे तिथेच आहे," मी म्हटलं.

"मिसेस," ती म्हणाली, "जोड दिसला की जोडणारी हरली. तू कुठे शिकलीस हे?"

मी मागाचं सांगितलं. हातवारे करून धोटा दाखवला, तार तुटते ती दाखवली. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "मीपण जोडणारीच होते. फिल्म जोडायचे." त्या दिवसापासून आमचं जमलं.

तिच्या एकेक तऱ्हा. ती वेळ मिनिटांत मोजायचीच नाही, चित्रांत मोजायची. इकडच्या फिल्मवर एका सेकंदाला पंचवीस चित्रं पळतात, ते तिच्या अंगात इतकं मुरलेलं की मी दार उघडायला उशीर केला तर म्हणायची, "दीडशे चित्रं लावलीस आज." टीव्हीसमोर तोंड फिरवून बसायची आणि दोन दृश्यांचा सांधा वाईट पडला की जिभेने 'च्' करायची. बातम्या बघतानाही च्, च्, च्. तिचा नवरा जिवंत असताना म्हणे वैतागून स्वयंपाकघरात जाऊन बसायचा. आणि काहीही झालं तरी उत्तर एकच, 'ग्रँड', म्हणजे झकास. गुडघा कसा आहे? ग्रँड. डॉक्टर काय म्हणाले? ग्रँड. डॉक्टरांनी सांगितलेलं असायचं की अजून वर्षभरात कडेचंही जाईल.

एकदा गणपतीत मंदारने तिला घरी बोलावलं. इथल्या हॉलमध्ये पोरांनी लेझीम खेळलेलं, त्याचं फोनवरचं शूटिंग तो मोठ्या टीव्हीवर दाखवत होता, आवाज वेगळ्या स्पीकरवर. सगळे टाळ्या वाजवताहेत. नोरीन हातात मोदक धरून भिंतीकडे बघत बसलेली. म्हणाली, "आवाज चार चित्रं मागे आहे."

मंदार हसला. "नाही हो, नवा स्पीकर आहे."

"नवा असेल. मागे आहे."

त्याने कुठेतरी बटणं दाबली, काहीतरी पुढे-मागे केलं, आणि खरंच, लेझमीचा छण् हाताबरोबर यायला लागला. इतके दिवस आमच्या घरात टीव्हीतली सगळी माणसं बोलल्यानंतर आवाज येत होता आणि आम्हा कुणाला पत्ता नाही. मंदार मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "आई, ही बाई डेंजर आहे."

त्यानंतरच्या आठवड्यात तिने मला तिच्या परसातली शेड उघडून दाखवली. आमच्याकडे मागाच्या खोलीला पण शेडच म्हणतात, म्हणून मी जरा हौसेने गेले. आत आंबूस वास, लोणचं बिघडल्यासारखा. म्हातारी झालेली फिल्म असाच वास मारते, म्हणाली. मधोमध लोखंडी टेबल, त्यावर सहा ताटं आडवी बसवलेली, आणि समोर पोरांच्या पाटीएवढा पडदा. फिल्मचं रीळ एका ताटात ठेवायचं, ते सरकत जाऊन दुसऱ्या ताटात गुंडाळायचं. शेजारच्या दोन ताटांत आवाज. आवाजाचीही पट्टीच, तपकिरी, फिल्मसारखीच कडेला छिद्रं असलेली. चित्र वेगळं, आवाज वेगळा, आणि दोन्ही छिद्राला छिद्र लावून बरोबर पळवायचे. एक दांडा पुढे ढकलला की दोन्ही चालतात, मागे ओढला की उलटे. कुठल्याशा कॉलेजात हे टेबल भंगारात निघालं होतं, ते तिने घोडे नेतात त्या ट्रेलरमधून आणवलं होतं. या वयात. शेजाऱ्यांना वाटलं म्हातारीने घोडा घेतला.

का आणवलं, ते तिने सांगितलं तसं सांगते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. परदेशातल्या मोठमोठ्या गाण्याच्या जलशांच्या फिल्मा तेव्हा थिएटरांत लागलेल्या. इलेक्ट्रिकची गिटार, लांब केसांची पोरं, चिखलात बसलेली हजारो माणसं. ते बघून डब्लिनच्या चार-पाच जणांना वाटलं, आपणही करावं. ॲथलोनबाहेरच्या एका माळावर शुक्रवार-शनिवार अशा दोन संध्याकाळी जलसा ठरला, आणि त्यात दोन्ही संध्याकाळी वाजवणारा इथल्याच पोरांचा एक बँड होता. त्यात ड्रम वाजवणारा डेक्लन. नोरीनचा धाकटा भाऊ. आणि नोरीन त्या फिल्मवाल्यांकडे मदतनीस, बावीस वर्षांची.

तीन कॅमेरे. एका कॅमेऱ्यात फिल्म मावायची दहा-अकरा मिनिटांची. संपली की काळ्या पिशवीत हात घालून, न बघता, नुसत्या बोटांनी नवी भरायची, कारण उजेड लागला तर सगळं गेलं. ते नोरीनचं काम. "माझे हात तेव्हापासूनचे आंधळे आहेत," ती म्हणायची, "डोळे आत्ता झाले." तिघा कॅमेरावाल्यांनी एकदम सुरू करायचं नाही, मागे-पुढे करायचं, म्हणजे एकाची फिल्म संपली तरी दुसऱ्याची चालू राहते. ठरलेलं असं. पण चांगलं गाणं सुरू झालं की तिघंही वेडे व्हायचे, तिघंही गाणाऱ्याच्या तोंडावर कॅमेरा रोखायचे, आणि तिघांचीही फिल्म नेमकी एकदम संपायची. मग जोडणारीने काय करावं? माणसं दाखवायची. वेण्या घातलेली एक पोरगी होती म्हणे गर्दीत, एका फिल्ममध्ये तीच पोरगी तीन गाण्यांत डोलायची. नाहीतर दुसऱ्या गाण्यातले गिटारवरचे हात चिकटवायचे, तोंड दिसू द्यायचं नाही.

"फसवणूकच की हो ही," मी म्हटलं.

"ठिगळ आहे," ती म्हणाली. "तू लावत नाहीस?"

आणि आवाज वेगळ्या टेपवर, वेगळ्या माणसाकडे, स्टेजखाली ताडपत्रीत. पावसात कॅमेऱ्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या. चित्राला आवाज लावायचा तर कुठून? सिनेमात पाटी वाजवतात, तिचा टक् ऐकू येतो. इथे त्या गोंगाटात पाटी कुणाला ऐकू येणार! म्हणून कॅमेरावाल्यांना सांगून ठेवलेलं: रीळ सुरू केलं की आधी क्षणभर ड्रमवाल्याचा हात घ्या. काठी कातड्यावर पडते ते चित्र शोधायचं, टेपवर तो ठोका शोधायचा, आणि दोन्हींवर मेणाच्या पेन्सिलीने फुली मारायची. "सगळं जग गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघतं, मिसेस. आम्ही मनगटाकडे बघायचो."

एका कॅमेऱ्याने शनिवारी मात्र गंमत केली. गाणाऱ्याला सोडून अख्खं एक गाणं डेक्लनवरच राहिला. साडेपाच मिनिटं. मागून नोरीनने त्या कॅमेरावाल्याला चिमटा काढला होता, हे तिने मला पुष्कळ उशिरा कबूल केलं.

ती फिल्म पुरी झालीच नाही. काढणाऱ्यांची भांडणं झाली, कंपनी बुडाली. नोरीनचं लग्न ठरलेलं, आणि लग्न झालं की बाईने नोकरी सोडायची अशी तेव्हा इथे रीतच. ती घरी बसली. पुढच्या उन्हाळ्यात डेक्लन तलावात पोहायला गेला तो आलाच नाही. तिसऱ्या दिवशी सापडला. एकवीस वर्षांचा. आईने त्याच्या ड्रमवर चादर घातली ती कधी काढली नाही. त्याचं वाजवणं कुठे म्हणजे कुठेच नोंदलेलं नाही. फक्त ते एक रीळ, जे नोरीनने सगळं फेकून देत असताना पिशवीत घालून घरी आणलं. पण घरी आणून बघणार कशावर? पन्नास वर्षं तो डबा तिच्या प्रेसमध्ये, म्हणजे इथले लोक कपाटाला म्हणतात त्यात, चादरींखाली. कधीतरी काढायची, खिडकीशी धरायची. उजेडात बारकी बारकी चित्रं दिसायची. हात वर असलेला भाऊ. हात वर. हात वर. हात थोडा खाली. हलणारा भाऊ तिने फिल्म धुतात त्या लॅबमध्ये भिंतीवर एकदाच बघितला होता, तोही मुका.

आणि मग, डोळे गेल्यावर, ट्रली नावाच्या गावाहून पार्सल आलं. आवाज घेणारा तो माणूस तिकडे वारला होता. मुलीने घर आवरताना टेपचा एक डबा सापडला. डब्यावर नोरीनच्या अक्षरात गावाचं नाव, 'शनिवार', आणि खाली तिचं माहेरचं नाव. पोरीने चौकशी करून पत्ता काढला. तेव्हा कुठे नोरीनने टेपवरचा आवाज छिद्रांच्या पट्टीवर उतरवून घेतला आणि ते टेबल आणवलं.

"बघ ना," नोरीन मला म्हणाली, "डोळे होते तेव्हा आवाज नव्हता. आवाज आला तेव्हा डोळे नाहीत." आणि मग, मांजर नसताना, थेट माझ्याकडे तोंड करून, म्हणजे मला पुसून टाकून, म्हणाली, "तुझे दे."

मंदार म्हणाला, "आई, कशाला एवढं? डब्लिनला देऊ, स्कॅन करतील, कंप्युटर दोन मिनिटांत आवाज लावेल." नोरीनने ऐकून घेतलं. "तुझा मुलगा ग्रँड आहे," म्हणाली, "पण त्याला मी हे रीळ घराबाहेर नेऊ देणार नाही." आज मला वाटतं मंदारचं ऐकायला हवं होतं. जे मी सांगितलं ते कंप्युटरने सांगितलं असतं. त्याला तोंड नाही.

तर हिवाळाभर, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी, आम्ही दोघी त्या शेडमध्ये. ती पांढरे सुती हातमोजे घालून दांड्याशी, मी पाटीएवढ्या पडद्याला नाक लावून. माझं काम एवढंच: डेक्लनची काठी मोठ्या ड्रमवर पडली की ओरडायचं, "आता!" ती कानाने ठोका ऐकायची, माझा 'आता' ऐकायची, आणि आवाजाची पट्टी एक छिद्र पुढे नाहीतर मागे सरकवायची. पुन्हा सुरुवातीपासून. आता! छिद्र. आता! छिद्र.

मी त्या पोराला किती बघितलं असेन! केस कपाळावर चिकटलेले, जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर, शाळेत चित्र काढणाऱ्या पोराची असते तशी. डावा खांदा जरा उचललेला. नोरीन विचारायची, "जीभ बाहेर आहे?" मी म्हणायची, "आहे." ती म्हणायची, "आई मारायची त्याला त्यासाठी."

तिसऱ्या आठवड्यात जमलं. सुरुवातीचे बारा सेकंद. काठी आणि ठोका असे एक झाले की त्या डबड्या पडद्यातून पोरगा खोलीत येऊन वाजवायला लागला. मी 'आता' म्हणायची विसरले. नोरीनने दांडा सोडला नाही. बारा सेकंदांनंतर पुन्हा सुटलं.

"कॅमेऱ्याची बॅटरी," ती म्हणाली. "थंडी होती. बॅटरी गारठली की कॅमेरा दमतो, चित्रं कमी पडतात. मग आवाज मागे राहतो. ते होतंच. कापत कापत जायचं." आणि ती दर थोड्या अंतराने आवाजातलं एक छिद्र, दोन छिद्रं कापून काढायला लागली, अंगठ्याने कड चाचपत. जोड इतके सुरेख की माझ्या डोळ्याला दिसायचे नाहीत.

पण मला काहीतरी खुपायला लागलं होतं. पंधरा माग एकदम चालत असताना कुठला अडखळला हे मी पाठ फिरवून सांगायची. मालक म्हणायचे, हिच्या कानात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, बसलाय. मागाचा पट्टा सैल झाला तर तो मागे पडतो. सारखा मागेच पडतो. कधी मागे, कधी पुढे, असं करत नाही. आणि इथे आवाज दोन ठोके पुढे जायचा, मग आपोआप जुळायचा, मग एक ठोका मागे राहायचा. दमलेलं यंत्र असं करत नाही. असं माणूस करतं. म्हणजे एकच माणूस तेच गाणं दोनदा वाजवतं तेव्हा.

तीन आठवडे मी गप्प बसले. मी! स्नेहलने विचारलं, "आई, बरं नाही का तुम्हाला?" मनाला म्हटलं, तुला काय कळतं ग फिल्ममधलं, कांड्या भरणारी तू.

मग चौथ्या मिनिटाशी आलो. तिथवर आम्ही याआधी पोचलोच नव्हतो. मी पडद्याला डोळा लावून 'आता, आता' म्हणत होते, आणि डेक्लनच्या उजव्या हातातून काठी निसटली. स्वच्छ दिसली, फिरत गेली आणि खाली पडली. त्याने वाकून बाजूच्या पिशवीतून दुसरी काढली. मान खाली, दोन्ही हात पिशवीत. चांगले तीन-चार सेकंद तो काहीच वाजवत नव्हता. आणि शेजारच्या ताटातून ड्रम वाजतच होते. धडाधड.

माझ्या तोंडून निघून गेलं. "अहो नोरीनबाई, ह्याच्या हातात काठी नाही आणि आवाज येतोय."

तिने दांडा थांबवला.

"काय म्हणालीस?"

मी सांगितलं. तिने मागे नेलं. "पुन्हा." मी पुन्हा बघितलं. "काठी पडली?" "पडली." "आवाज तुटला?" "नाही." तिसऱ्यांदा. "नीट बघ मिसेस. दुसरा हात? पाय?" मी नीट बघितलं. खोटं बोलायचं सुचलंच नाही. आयुष्यभर तुटलेली तार दिसली की 'तुटली' म्हणून ओरडायची सवय. न ओरडलं तर कापड खराब होतं. मी म्हटलं, "दोन्ही हात पिशवीत आहेत."

ती हातमोजे काढायला लागली, एकेक बोट. मग म्हणाली, "हा शुक्रवार आहे."

मला कळेना. तेव्हा तिने सांगितलं, भिंतीला सांगावं तसं, सपाट. रविवारी सकाळी माळावरून परत जाताना गाडीत जागा नव्हती. दोन्ही रात्रींच्या टेपा तिच्या मांडीवर, रिकामे डबे शेजारच्या सीटवर. टेपा डब्यांत घालायच्या, वर नाव लिहायचं. दोन रात्रींची झोप नव्हती. डेक्लन पुढच्या सीटवरून काहीतरी विनोद करत होता, ती हसत होती आणि लिहीत होती, कुठली टेप कुठल्या डब्यात गेली ते बघत नव्हती. महिन्याभराने ऑफिसातून विचारणा आली: टेपा कमी पडताहेत, एक पुसून परत वापरायची आहे, कुठली ठेवू? ती म्हणाली, शनिवार ठेवा. शुक्रवार पुसून टाका. शनिवारी भावावर अख्खं गाणं होतं ना.

"माझंच अक्षर," ती म्हणाली. "माझंच तोंड."

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. म्हटलं, "तरी हात त्याचाच ना हो? आवाजही त्याचाच. एका दिवसाचाच फरक." हे बोलून मला वाटलं, काय शहाणी मी.

नोरीन माझ्या दिशेने वळली. "मिसेस," म्हणाली, "तुझ्या नवऱ्याचा फोटो आहे ना भिंतीवर? त्याला दुसऱ्या कुठल्या दिवसाचं बोलणं लावून चालेल तुला?"

मी उठून टेबल बंद केलं. 

त्या दिवसानंतर तिने शेड उघडली नाही. मी मंगळवारी जायची, शुक्रवारी जायची. चहा द्यायची, ब्रेडवर लोण्याचा थर लावून द्यायची, गुडघा ग्रँड आहे म्हणायची. पण टीव्हीसमोर बसून 'च्' करणं बंद झालं.  मला ते 'च्' हवं होतं. एकदा मीच मुद्दाम च् केलं. तिने विचारलंसुद्धा नाही का ते. मी एकदा माफीही मागितली. म्हटलं, मी बोलायला नको होतं. ती म्हणाली, "तू नसतीस बोलली तर मी पुढे कापत गेले असते. त्याला कापून कापून शुक्रवारात बसवलं असतं." ते माझ्यावर रागावून म्हणाली की समजूत घालायला, मला ठरवता आलेलं नाही.

उन्हाळ्यात कडेचंही दिसेनासं झालं. स्टोव्हवर पातेलं जळालं, मग तिची भाची आली आणि वृद्धाश्रमाचं ठरलं. जायच्या आदल्या दुपारी नोरीनने मला बोलावलं. शेडची किल्ली माझ्या हातात दिली. "दोन्ही लाव," म्हणाली. "सुरुवातीपासून. थांबवायचं नाही. आणि आज 'आता' म्हणायचं नाही."

मीच रिळं चढवली. एवढ्या महिन्यांत शिकले होते. मीच दांडा ढकलला. ती शेजारी, मोजे न घालता, हात मांडीत. पहिले बारा सेकंद दोघं बरोबर होते. मग एवढी कापाकापी करूनही सुटले. पोरगा आपला शनिवार वाजवत राहिला आणि शेजारून शुक्रवार वाजत राहिला. काठी पडली, तो वाकला. मी ओठ घट्ट धरून ठेवले. शेवटी त्याने मान वर करून कुणाकडे तरी बघून हसल्यासारखं केलं आणि फिल्म ताटावर फटाफट आपटायला लागली.

"कसं झालं?" नोरीनने विचारलं.

"ग्रँड," मी म्हटलं.

तिने मान हलवली. "ग्रँड," म्हणाली. आणि मला धरून उठली.

ती वृद्धाश्रमात वारली तेव्हा मी इचलकरंजीत होते, घराच्या कागदांसाठी. मंदारने फोनवर सांगितलं. म्हणाला, समोर मोठा लोखंडी स्किप, म्हणजे भंगार टाकायची पेटी, येऊन उभा आहे, भाची घर रिकामं करतेय. मी विचारलं, "अरे, शेडमधलं?" तो म्हणाला, "आई, सगळंच त्यात गेलं. टेबलही. काल घेऊन गेले." त्याचा काय दोष? त्याला मी कधी सांगितलंच नव्हतं शेडमध्ये काय झालं ते. सगळ्या जगाशी बोलणारी मी, एवढं एक कुणाशी बोलले नव्हते.

मला ती शेवटची दिसली ती भाचीच्या गाडीत. वृद्धाश्रमात जायची सकाळ, दोन बॅगा मागे ठेवलेल्या. मी फाटकाशी उभी होते. गाडी मागे आली, वळली, माझ्या समोरून हळूहळू जायला लागली. भाचीने नोरीनच्या बाजूची काच खाली केली आणि तिला म्हणाली, "आंटी, मिसेस उभी आहे, हात कर." मी तोवर हात वर केलेला, हलवतेय. नोरीन समोर बघत बसलेली, पट्टा लावून, ताठ. गाडी पुढे गेली, दुसऱ्या घरापाशी, तिसऱ्या घरापाशी. मी हात खाली घेतला. आणि मग कोपऱ्यावर, मी पार मागे राहिल्यावर, त्या काचेतून तिचा हात बाहेर आला आणि हलायला लागला.